प्रकाशाचा उपासक : डॉ. नील्स फिन्सेन

परमेश्वराच्या ज्या देणग्या आपणांस विपुल व विनामूल्य मिळतात, त्यांची किंमत आपणांस सहसा कळत नाही. हवा, पाणी व सूर्यप्रकाश या तिहींची हीच गत आहे. फाल्गुन-चैत्राच्या दिवसांत भर दुपारी शाळेतून घरी परतणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस ऊन हा एक जाच वाटतो, आणि रस्त्यावरील झाडाची सावली म्हणजे केवढे सुख असे होऊन जाते. परंतु या पृथ्वीच्या पाठीवर असेही देश आहेत की, जेथे हिवाळ्यात सूर्य दिवसातून चार-पाच तासच दर्शन देतो, आणि तेवढ्या वेळातही तो बहुधा ढगांच्या आड असतो. अशा देशांत प्रकाशाचे मोल काय असते, हे ज्या एका पुरुषाच्या चरित्रावरून उत्तम रीतीने समजते, त्याची ओळख आम्ही आमच्या वाचकांस करून देऊ इच्छितो. त्याचे नाव नील्स र्‍यूबेर्ग फिन्सेन. प्रकाशाचा औषध म्हणून शास्त्रशुद्ध उपयोग करण्याचा मार्ग ज्यांनी घालून दिला, त्यांत याचे नाव अग्रभागी घेतले जाते.

स्कॉटलंडच्या उत्तरेस, अटलांटिक महासागरात, फेरो नावाचा एक लहानसा द्वीपसमूह आहे. तो डेन्मार्कच्या राज्यात मोडतो. तेथील मुख्य गाव टोर्सहाउन. या गावी ता. १५ डिसेंबर १८६० रोजी नील्सचा जन्म झाला. डिसेंबरचा मध्य म्हणजे त्या बेटांवर वर्षातील अत्यंत अंधारे दिवस. सूर्य सकाळी दहाच्या सुमारास उगवतो आणि दुपारी तीनच्या सुमारास समुद्रात बुडतो. पुढे ज्याने सारे आयुष्य प्रकाशाच्या शोधात घालविले, त्याने डोळे उघडले ते अशा काळोखात. नील्सचे वडील मूळचे आइसलँडच्या एका प्रतिष्ठित घराण्यातील असून फेरो बेटांवर सरकारी अधिकारावर होते. नील्स अवघा चार वर्षांचा असता त्याची आई निवर्तली, व वडिलांनी पुढे तिच्याच नात्यातील एका स्त्रीशी दुसरा विवाह केला.

प्राथमिक शिक्षण गावी झाल्यावर मुलास चांगले वळण लागावे म्हणून वडिलांनी त्याला डेन्मार्कमधील हेर्लुफ्सहोल्म या जुन्या व नामांकित वसतिशाळेत पाठविले. परंतु तेथे नील्सचा जम बसला नाही. अभ्यासात तो मागे पडू लागला. मुलगा मनाचा चांगला आहे, पण त्याच्या अंगी बुद्धी व उत्साह ही दोन्ही बेताचीच आहेत, अशा अर्थाचा अभिप्राय शाळेच्या मुख्याने दिला. शेवटी १८७६ साली त्याला तेथून काढून आइसलँडमधील रेक्याविक येथे, वडील ज्या शाळेत शिकले होते त्याच शाळेत, घालण्यात आले. तेथेही त्याने काही मोठा पराक्रम गाजविला असे नाही. १८८२ साली तो शेवटची परीक्षा उतरला तेव्हा त्याचे वय एकवीस होते, आणि पंधरा विद्यार्थ्यांत त्याचा क्रमांक अकरावा होता.

येथे आम्हांस क्षणभर थांबावेसे वाटते. आम्ही शिक्षक मंडळी दर सहामाहीस प्रगतिपत्रके भरतो आणि दोन शब्दांत एकेका मुलाचा निकाल लावून टाकतो. ते कागद घरी जातात. पालक ते वाचतात, मूलही वाचते, आणि त्या दोन शब्दांचे ओझे पुष्कळ वर्षे त्याच्या मनावर राहते. ज्या मुलाविषयी त्या शाळेने असा अभिप्राय दिला, त्याच मुलास पुढे सत्तावीस वर्षांनी जगातील अत्यंत मोठे शास्त्रीय पारितोषिक मिळावयाचे होते. म्हणून पालकांस व आम्हा सहकाऱ्यांस आमची एवढीच विनंती आहे की, मुलाची आजची गती पाहावी, परंतु तेवढ्यावरून त्याच्या उद्याविषयी निकाल देऊ नये.

१८८२ साली नील्स वैद्यकाच्या अभ्यासाकरिता कोपनहेगन येथे आला. दुसऱ्याच वर्षी त्याला एका दुर्धर रोगाने गाठले. यकृत, प्लीहा व हृदय यांवरील आवरणे हळूहळू जाड होत जाऊन शरीराचे व्यापार बिघडत जावे आणि पोटात पाणी साठावे, असा तो रोग होता. वयाच्या तेविसाव्या वर्षी सुरू झालेल्या या दुखण्याने त्यास पुढे मरेपर्यंत सोडले नाही. अंगात रक्त कमी, थोड्या श्रमाने थकवा, आणि अशा स्थितीत अभ्यास चालू. त्यातून राहण्यास मिळालेली जागा उत्तराभिमुख. त्या नगरात हिवाळ्यात तर दक्षिणेकडील खिडकीतूनच काय तो सूर्य घरात येतो. उत्तरेच्या खोलीत वर्षाचा बराच काळ सावली. अशा खोलीत बसून पुस्तके वाचीत असता या आजारी विद्यार्थ्यास एक गोष्ट जाणवू लागली. ज्या दिवशी आपण उन्हात जाऊन बसतो त्या दिवशी आपणांस बरे वाटते. अंगात तरतरी येते, काम करावेसे वाटते. असे का व्हावे?

हा अनुभव आजवर लक्षावधी लोकांनी घेतला असेल, व तो तेथेच सोडून दिला असेल. फिन्सेन यांनी तो सोडला नाही. ते पुस्तकांतून उत्तर शोधू लागले, परंतु प्रकाशाचा सजीव देहावर काय परिणाम होतो याविषयी समाधानकारक माहिती त्या काळच्या वैद्यकग्रंथांत त्यांस मिळेना. तेव्हा त्यांनी सृष्टीचेच निरीक्षण आरंभिले. त्यांच्या चरित्रात एका मांजराची गोष्ट नेहमी सांगतात. समोरच्या छपरावर एक मांजर ऊन खात पडले होते. सूर्य कलला तशी सावली सरकत मांजरापर्यंत आली. मांजर उठले आणि पुन्हा उन्हात जाऊन निजले. सावली पुन्हा आली, मांजर पुन्हा हलले. या मुक्या प्राण्यास उन्हापासून काही लाभ होत असल्याखेरीज ते वारंवार उठण्याचे कष्ट घेणार नाही, असा विचार त्या तरुणाच्या मनात आला. पुढे रंगीत काचांखाली किडे ठेवून, कोणत्या रंगाचा प्रकाश त्यांस चळवितो व कोणता निश्चल ठेवितो, हेही त्यांनी पाहिले.

त्यांचा एक प्रयोग तर इतका साधा आहे की तो शाळकरी मुलासही समजावा. उन्हाने कातडी लाल होते ती उष्णतेमुळे, असा तेव्हा सामान्य समज होता. फिन्सेन यांनी आपल्याच हातावर काळ्या शाईचा एक पट्टा ओढला आणि तो हात कडक उन्हात धरला. नंतर शाई धुऊन पाहतात तो पट्ट्याखालची कातडी पांढरी, व आजूबाजूची लाल झालेली. काही दिवसांनी लाली ओसरून ती जागा सावळी पडली. मग त्यांनी तोच हात, शाई न लावता, पुन्हा उन्हात धरला. या खेपेस उलट घडले. सावळ्या पडलेल्या कातडीस विशेष काही झाले नाही, आणि पूर्वी शाईखाली राहिलेला पांढरा पट्टा मात्र लाल झाला. कातडीचा रंग हे उन्हापासून रक्षण करणारे देवदत्त छत्रच आहे, ही गोष्ट यावरून स्पष्ट झाली. तसेच हा परिणाम उष्णतेचा नसून प्रकाशातील निळ्या, जांभळ्या व त्यांपलीकडील अदृश्य अशा जंबुपार किरणांचा आहे, या मतास बळकटी आली.

१८९० साली फिन्सेन वैद्यकाची पदवी मिळवून कोपनहेगन विद्यापीठातच शरीररचनेचे प्रात्यक्षिक शिक्षक झाले. १८९२ च्या डिसेंबरात एका बिशपची कन्या इंगेबोर्ग बाल्सलेव हिच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढील वर्षी त्यांनी एक धाडसाचे पाऊल उचलले. प्रकाशाच्या अभ्यासास पुरता वेळ मिळावा म्हणून त्यांनी विद्यापीठातील नोकरी सोडली, आणि वैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या खाजगी शिकवण्या करून संसार चालविला. घरी नवा प्रपंच, अंगी असाध्य रोग, आणि हाती निश्चित उत्पन्न नाही, अशा स्थितीत हे पाऊल टाकणाऱ्या पतीस व त्यास साथ देणाऱ्या पत्नीस, दोघांसही सारखाच मान दिला पाहिजे.

१८९३ साली त्यांनी देवीच्या रोगाविषयी आपले मत प्रसिद्ध केले. निळे-जांभळे किरण कातडीस क्षोभ करीत असतील, तर देवीच्या रोग्यास ते लागू देऊ नयेत; त्याच्या खोलीस तांबडे पडदे लावून केवळ तांबडा प्रकाश आत घ्यावा, म्हणजे फोड चिघळणार नाहीत व वण कमी पडतील, असे ते मत होते. नॉर्वेतील काही वैद्यांनी त्याप्रमाणे करून पाहिले व अनुकूल अनुभव कळविला. हा उपाय पुढे कसोटीस उतरला नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आता तर लस टोचण्याच्या मोहिमेमुळे तो रोगच भूतलावरून नाहीसा झाला असून जागतिक आरोग्य संघटनेने १९८० साली तसे जाहीर केले आहे. परंतु या खटाटोपातून फिन्सेन यांच्या मनात दुसरा प्रश्न उभा राहिला. जे किरण अपाय करू शकतात, तेच योग्य प्रमाणात व योग्य जागी योजिले तर उपाय का करू शकणार नाहीत?

त्या काळी युरोपात लूपस नावाचा एक भयंकर रोग होता. हा कातडीचा क्षय होय. तो बहुधा तोंडावर होई. नाक, गाल, ओठ हळूहळू कुरतडले जात. मरण लवकर येत नसे, परंतु जगणे मरणाहून कठीण होई. असे रोगी तोंडावर फडके बांधून फिरत, लोक त्यांस टाळीत, आणि त्यांस काम मिळेनासे होई. आमच्या देशात कुष्ठरोग्यांच्या वाट्यास जी अवहेलना आली, तिचीच ही दुसरी आवृत्ती. शस्त्राने कापणे व डागणे हे उपाय होत, पण रोग पुन्हा उलटे.

क्षयाचे जंतू प्रकाशाने मरतात, हे शास्त्रज्ञांस कळून चुकले होते. फिन्सेन यांनी विचार केला की, जंतू कातडीत आहेत, तर प्रकाश तेथपर्यंत पोहोचविला पाहिजे. डेन्मार्कच्या हिवाळ्यात सूर्याचा भरवसा नाही, म्हणून त्यांनी कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये विजेची ज्योत पेटविणारा प्रखर आर्क दिवा घेतला. त्याचा प्रकाश भिंगांनी एकवटला, आणि उष्णतेने कातडी भाजू नये म्हणून तो थंड पाण्यातून जाऊ दिला. साधी काच जंबुपार किरण अडविते म्हणून पुढे भिंगे स्फटिकाची केली. आणखी एक अडचण होती. कातडीतील रक्त प्रकाशास आत जाऊ देत नाही. त्यावर त्यांनी अशी युक्ती काढली की, ज्या जागी उपचार करावयाचा ती जागा पारदर्शक तबकडीने दाबून धरावी, म्हणजे तेवढ्यापुरते रक्त बाजूस सरते.

१८९५ च्या नोव्हेंबरात कोपनहेगनच्या वीज-कारखान्यात पहिला प्रयोग झाला. रोगी एक अभियंता होता. त्याने बरीच वर्षे सर्व उपाय करून आशा सोडली होती. रोज तासन्‌तास त्याच्या चेहऱ्यावर प्रकाश धरण्यात आला. थोड्याच काळात सुधारणा दिसू लागली, व काही महिन्यांत रोग हटला. ही वार्ता पसरताच काही उदार नागरिक पुढे आले, आणि १८९६ साली फिन्सेन यांची प्रकाशोपचार संस्था स्थापन झाली. पुढे सरकारनेही हात दिला. पहिल्या पाच वर्षांत सुमारे ८०० लूपसचे रोगी तेथे आले, व त्यांतील बहुतेकांस गुण आला. पांढरा पोशाख केलेल्या परिचारिका मोठ्या दिव्याभोवती बसलेल्या, प्रत्येकीसमोर एक रोगी, आणि दिव्यापासून निघालेल्या नळ्यांतून येणारा प्रकाश ती धीराने त्याच्या तोंडावर धरून आहे, अशी त्या संस्थेची चित्रे आजही पाहावयास मिळतात. या परिचारिकांच्या चिकाटीवाचून हे शास्त्र केवळ कागदावरच राहिले असते. डेन्मार्कची राजकन्या अलेक्झांड्रा, जी पुढे इंग्लंडची राणी झाली, तिने १९०० साली असा एक दिवा लंडनच्या रुग्णालयास भेट दिला. मग निरनिराळ्या देशांत अशा संस्था निघाल्या.

इकडे दिवा इतरांस बरे करीत असता तो दिवा लावणारा मात्र खंगत चालला होता. पोटात पाणी साठे, ते वारंवार काढावे लागे. शेवटच्या वर्षांत तर डॉक्टरसाहेब चाकांच्या खुर्चीस खिळले. तरी त्यांनी स्वतःच्या देहासही एक अभ्यासाचा विषय केले. आपण काय खातो, किती पितो, किती मीठ पोटात जाते, याची ते बारकाईने नोंद ठेवीत, आणि शरीरात मीठ साठण्याविषयीचा त्यांचा निबंध १९०४ साली प्रसिद्ध झाला. १९०३ च्या डिसेंबरात त्यांस वैद्यकाचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. एकवटलेल्या प्रकाशकिरणांनी रोगांवर, विशेषतः लूपसवर, उपचार करून त्यांनी वैद्यकशास्त्रास नवी वाट दाखविली, असा त्या सन्मानाचा आशय होता. हे पारितोषिक मिळविणारे ते पहिले डेन्मार्कवासी. तो घेण्यास स्टॉकहोमपर्यंत जाण्याची शक्ती मात्र त्यांच्यात उरली नव्हती. पारितोषिकाच्या रकमेचा मोठा भाग त्यांनी रोग्यांच्या सेवेस दिला. त्यानंतर वर्षही पुरे झाले नाही तोच, ता. २४ सप्टेंबर १९०४ रोजी, वयाच्या अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी, ते देवाघरी गेले.

पुढे क्षयावर गुणकारी औषधे निघाली, व लूपसकरिता दिव्याची गरज राहिली नाही. त्या दिव्याने रोग नेमका कसा बरा होत असे, याविषयीही आता शास्त्रज्ञांचे मत बदलत आहे. मग फिन्सेन यांचे कार्य जुने झाले काय? आम्हांस तसे वाटत नाही. कारण उत्तराभिमुख खोलीतील त्या विद्यार्थ्याने जो मूळ प्रश्न विचारला होता, की प्रकाशाने मनास व शरीरास तरतरी का येते, तो त्यांच्या हयातीत सुटलाच नव्हता. त्याचे उत्तर मिळण्यास आणखी ऐंशी वर्षे लागली.

उत्तरेकडील देशांत दर हिवाळ्यात काही माणसे खिन्न होतात. सकाळी उठवत नाही, झोप वाढते, गोड खावेसे वाटते, कामात मन रमत नाही. आणि वसंत आला की हे सारे आपोआप नाहीसे होते. पूर्वी यास आळस किंवा मनाचा दुबळेपणा म्हणत. दक्षिण आफ्रिकेच्या उन्हात वाढलेले डॉ. नॉर्मन रोझेन्थाल हे १९७६ साली न्यूयॉर्क येथे आले असता हिवाळ्यातील हा अनुभव त्यांस स्वतःस आला. १९८४ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध करून, ही हिवाळ्यातील खिन्नता खरी व्याधी आहे आणि प्रखर प्रकाशाने तिला उतार पडतो, असे दाखविले. त्यापूर्वी, १९८० साली, दुसऱ्या एका अभ्यासाने हे सिद्ध केले होते की, रात्री मेंदूत पाझरणारे मेलॅटोनिन नावाचे द्रव्य प्रखर प्रकाशाने थांबते. डोळ्यांत शिरणारा प्रकाश केवळ पाहण्याकरिता नसतो. मेंदूत जे एक घड्याळ आहे, त्यास तो दिवस उजाडल्याची वर्दी देतो. हिवाळ्यात ही वर्दी उशिरा व क्षीण मिळते, आणि काही जणांचे घड्याळ मागे पडते, असे मानतात.

म्हणून आता त्या देशांत अनेक जण सकाळी घरातच एक प्रकाशपेटी लावून तिच्यासमोर अर्धा तास बसतात. प्रकाश मोजण्याचे लक्स नावाचे माप आहे. आपल्या घरातील रात्रीचा उजेड साधारणपणे एक-दोनशे लक्स, तर या पेटीचा दहा हजार लक्सपर्यंत असतो. पेटीकडे टक लावून पाहावयाचे नसते. ती समोर किंचित बाजूस ठेवून न्याहारी करावी, वर्तमानपत्र वाचावे, एवढेच. येथे एक भेद वाचकांनी ध्यानात ठेवावा. फिन्सेन यांचा दिवा कातडीवर काम करी, व त्यास जंबुपार किरण इष्ट वाटत. या पेटीचे काम डोळ्यांवाटे चालते, आणि तिच्यातून ते किरण मुद्दाम गाळून टाकतात. ज्यांस डोळ्यांचा किंवा मनाचा विकार असेल, त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून असा उपचार करू नये.

आमचे कित्येक माजी विद्यार्थी आज इंग्लंड, कॅनडा अशा देशांत शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी राहतात. पहिल्याच हिवाळ्यात त्यांचे मन उदास झाले, तर येथील आईवडिलांनी त्यांस आळशी किंवा भित्रे म्हणू नये. रोज सकाळी थोडे बाहेर चालावयास, खिडकीजवळ बसावयास, व तेवढ्याने न भागल्यास वेळीच डॉक्टरांस भेटावयास सांगावे. आणि येथे राहणाऱ्या आम्ही तरी काय करतो? ढगाळ दिवशीदेखील बाहेर हजारो लक्स प्रकाश विनामूल्य पसरलेला असता, खिडक्या-पडदे लावून घेऊन मुले दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसतात.

कोपनहेगन येथे १९०९ साली फिन्सेन यांचे एक स्मारक उभारले आहे. त्यात त्यांची स्वतःची मूर्ती नाही. काही मानवी आकृती मान उंचावून वर आकाशाकडे, प्रकाशाकडे झेपावत आहेत, असे ते शिल्प आहे. या निगर्वी पुरुषास तेच शोभते. ज्याला शाळेने बेताचा ठरविले, ज्याला रोगाने वीस वर्षे छळले, त्याने आपल्या दुःखाकडे रडत न पाहता जिज्ञासेने पाहिले, आणि स्वतःस जे हवे होते ते इतरांस मिळवून दिले. आमच्या विद्यार्थ्यांपैकी जो आज वर्गात अकरावा असेल, त्याने हे चरित्र दोनदा वाचावे, आणि शक्य तर ते खिडकीजवळ बसून वाचावे, अशी आमची इच्छा आहे.